उभ्या करवतीवरची टोपी

माझे बाबा बावीस वर्षं एका लाकूडकामाच्या कारखान्यात मशिनी सांभाळत होते. चालवत नव्हते, सांभाळत होते. हा फरक ते भेटेल त्याला समजावून सांगायचे. चालवणारे वेगळे. ते लाकूड घेऊन यायचे, बटण दाबायचे, काम उरकलं की भुसा झटकून निघून जायचे. मशिनीला कुठे दुखतंय, कुठे खुपतंय, ते बघणं बाबांचं. तिथे दारं, खिडक्या, शाळेची बाकं तयार व्हायची. आमच्या घराचं दार मात्र वर्षानुवर्षं खाली घासत होतं आणि ते उचलून बसवायला बाबांना कधी सवड झाली नाही.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. आत जिकडे तिकडे भुसा, त्यामुळे शेगडी सोडाच, काडी ओढायचीसुद्धा सक्त बंदी. थंडीत अंगणातल्या डबक्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा, आणि बाबा म्हणायचे, आतल्यापेक्षा बाहेर बरं, निदान ऊन तरी पडतं. मी तिथे आयुष्यात दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांचा विसरलेला डबा द्यायला, आणि दोन्ही वेळा फाटकावरूनच परत फिरले. विसरभोळेपणावरून बाबांना बोलणं हा आमच्या घरातला नेमच होता. आधी आई बोलायची, ती गेल्यावर मी. माझं तोंड तिच्यापेक्षा तिखट आहे, हे शेजारपाजारचं कुणीही सांगेल.

पण ही विसराळू माणसाची विसराळू कामं घरापुरतीच. कारखान्यात त्यांच्या हातून सुई इकडची तिकडे व्हायची नाही.

"थंडी वाजली की माणूस पाय आपटतो, दोन शिव्या हासडतो आणि अंगात ऊब आणतो," ते म्हणायचे. "लोखंडाने काय करायचं?"

रात्रभरात वंगण मेणासारखं घट्ट होऊन बसतं. रबरी पट्टे ज्या आकारात थांबले असतील त्याच आकारात आखडतात आणि सकाळी पहिली दहा मिनिटं धपधप आपटत फिरतात. धूळ ओढून नेणाऱ्या नळात ओल्या भुशाचे गोळे अडकतात. माणसं आत येऊन श्वास सोडू लागली की गार लोखंडावर दव धरतं, आणि पुसलं नाही तर दुपारपर्यंत तिथे तांबूस गंज. म्हणून बाबा संध्याकाळी सगळ्या मशिनींवर जुनी पांघरुणं घालायचे, गिअरच्या पेटीखाली विजेचा पिवळा दिवा लावून ठेवायचे, आणि सकाळी घंटेच्या तासभर आधी हजर व्हायचे. रंधा मशीन हाताने वीस वेळा फिरवायचे. मग मोटर चालू करून लाकडी दांडक्याचं एक टोक बेअरिंगवर आणि दुसरं कानाला लावून ऐकायचे. त्यांचं समाधान होईस्तोवर कुणी लाकडाला हात लावायचा नाही. बाकीचे दाराशी हात चोळत उभे राहायचे आणि त्यांच्या नावाने खडे फोडायचे.

सगळ्यांत जास्त वेळ लागायचा तो उभ्या करवतीला. खाली एक मोठं चाक, वर एक मोठं चाक, आणि दोघांवरून फिरणारं पात्याचं लांब वेटोळं. थंडीने पातं आकसतं आणि रात्रभर चाकांना ओढत राहतं. तसंच ताणलेलं सोडलं तर कधी ना कधी पातं तुटणार, नाहीतर वरचं चाक तडकणार. म्हणून बाबा रोज संध्याकाळी मागचं हँडल फिरवून पातं सैल करायचे आणि सकाळी साफसफाई करून हळूहळू ताण द्यायचे. सैल पातं असताना कुणी बटण दाबलं तर ते चाकावरून उडणार आणि समोर जे असेल ते कापणार.

पूर्वी तिथे 'मशीन तयार नाही' अशी पाटी असायची. पण रोज बघितलेली पाटी माणसाला दिसेनाशी होते. एकदा कुणीतरी ती आडवी करून तिच्यावर चहाचे पेले ठेवले होते. बाबांनी ती पाटी काढली, डोक्यावरची टोपी काढली आणि हँडलला अडकवली. दुसऱ्याच्या टोपीला कोण हात लावणार? तेव्हापासून हीच खूण ठरली. हँडलवर टोपी म्हणजे थांबा, बाबांच्या डोक्यावर टोपी म्हणजे चला. गोंगाटात हाक ऐकू येत नाही, पण आईने विणलेली ती विटकरी टोपी शेडच्या या टोकावरून त्या टोकाला दिसायची. हँडल मात्र करवतीच्या मागच्या अंगाला, पुढून न दिसणारं. हळूहळू लोकांनी तिकडे बघणंच सोडलं. बाबांच्या डोक्याकडे बघायचं आणि बटण दाबायचं. सोळा हिवाळे हे बिनबोभाट चाललं. कारखान्यात बाबांचं नावच 'टोपी' पडलं होतं.

आता मी हे असं सांगतेय, जणू मला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. नव्हतं. आईला ठाऊक असणार, कारण बाबा तिच्याशी कामाचं बोलायचे. ती गेल्यावर ते कामाचं बोलेनात आणि मी विचारलं नाही. मी दिवसभर पडदे शिवायचे, संध्याकाळी माझी पाठ धरलेली असायची, आणि वंगणाच्या गोष्टी ऐकायला मला कुठे फुरसत होती? मला एवढंच दिसायचं, की ऐन थंडीत हा माणूस उघड्या डोक्याने घरी येतो आणि उघड्या डोक्याने कामावर जातो.

"टोपी कुठे?"

"तिथे आहे."

"तिथे काय करतेय? थंडी तिला वाजते का तुम्हाला?"

"असू दे गं."

असू दे म्हणून त्यांचा डावा कान सुजला. आतून ठणकायचा, रात्री झोप लागायची नाही, सकाळी कापसाचा बोळा घालून जायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांच्या कानाला गार वारा लागू देऊ नका, नाहीतर कान हातचा जाईल. मी तिथल्या तिथे ठरवलं. मात्र दुसरी कुठली टोपी आणली असती तर ती त्यांनी पेटीत टाकली असती. आईच्या हातची सोडून त्यांनी कधी दुसरी घातली नव्हती. म्हणून मी तशीच विणायची ठरवली. विटकरी लोकरीसाठी चार दुकानं पालथी घातली. पाचव्यात त्या रंगाचा शेवटचा गुंडा मिळाला. आईचे टाके मला पाठ होते. पंधरा संध्याकाळ डोळे फोडून मी ती पुरी केली, आणि आईची टोपी कशी डाव्या बाजूला किंचित झुकायची, तशीसुद्धा झुकवली. हातात घेऊन बाबांनी ती आतून-बाहेरून निरखली.

"हुबेहूब आहे," शेवटी म्हणाले.

"मग घाला. येता-जाता डोक्यावर पाहिजे."

"घालेन की."

आठवडाभर घालून गेले. मग एक दिवस त्यांच्या कोटाच्या खिशातून ती चुरगाळलेली निघाली. म्हणजे वाटेत काढून खिशात कोंबत होते तर! माझा पारा चढला. त्यांच्या कानात सकाळ-संध्याकाळ औषध घालायचं मी, आणि यांना टोपीची लाज वाटते? ते म्हणाले, "फाटकापर्यंत घालतो ना, पुढे काढतो." का काढता, ते काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, कोण जाणे. मी टोपीला दोन्ही बाजूंनी बंद शिवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात त्यांना उभं केलं आणि हनुवटीखाली बंद बांधले, वर आणखी एक गाठ मारली.

"आता काढून दाखवा," मी म्हणाले.

ते हसले. "तुझी आईसुद्धा एवढी दुष्ट नव्हती," म्हणाले आणि निघाले. त्या हिवाळ्यातली ती सगळ्यांत गार सकाळ होती.

संध्याकाळी ते नेहमीपेक्षा उशिरा आले. डोक्यावर टोपी होती, पण आईची, भोकं पडलेली. मी दारातच विचारलं, "ही? आणि माझी कुठाय?"

"हरवली."

"हरवली? गाठ मारलेली टोपी हरवते कशी?"

"सुटली असेल. पडली कुठेतरी."

मग मी सोडलं नाही. वेंधळे, निष्काळजी, दुसऱ्याच्या कष्टांची किंमत नसलेले, तोंडाला येईल ते बोलले. ते खुर्चीत बसून होते, कोट न काढता. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ते म्हणाले, "काकांचा हात गेला आज."

काका म्हणजे बाबांचे मित्र, उभी करवत चालवणारे. वीस वर्षं दर सुट्टीला आमच्याकडे यायचे, माझ्या शिवणयंत्राला नावं ठेवायचे, आईला हसवून हसवून बेजार करायचे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि तिसऱ्याचं काही खरं नव्हतं.

"कसं झालं?"

"मशीन तयार नव्हतं. मी चला म्हणून खूण केली. माझी चूक."

"तुमची?" माझा विश्वास बसेना. "तुमची कशी चूक होईल?"

"विसरलो," बाबा म्हणाले.

आणि खरं सांगते, मला त्यांचं म्हणणं पटलं. डबा विसरणारा, चष्मा विसरणारा, आताच टोपी हरवून आलेला माणूस. मशीनसुद्धा विसरला असेल. मी त्यांच्याकडे म्हातारा माणूस म्हणून पहिल्यांदा बघितलं ते त्या संध्याकाळी. त्यांना ते दिसलंही असणार.

मालकांनी त्यांना काढून टाकलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. त्यांना मशिनींपासून दूर केलं आणि मागच्या आवारात फळ्या रचायला घातलं. ओल्या फळ्या, मध्ये काठ्या, वर फळ्या, वर काठ्या, दिवसभर उघड्यावर. मशिनींना नवा माणूस आला. तो घंटेबरोबर यायचा आणि घंटेबरोबर सगळी बटणं दाबायचा. दाराशी हात चोळत उभं राहणं संपलं, म्हणून लोक खूश झाले.

बाबांना भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. घरी जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायचे.

"रंधा रडतोय," म्हणायचे. "डावीकडचं बेअरिंग. दोन महिने काढेल फार तर."

"मग सांगा ना त्यांना."

"माझं कोण ऐकणार?"

दोन महिन्यांनी बेअरिंग जाम झालं. पुढच्या हिवाळ्यात उभ्या करवतीचं वरचं चाक तडकलं, कारण रात्री पातं सैल करायचं असतं हे नव्या माणसाच्या गावीही नव्हतं. पांघरुणं उंदरांनी नेली, लोखंडावर गंजाचे पोपडे धरले. बाबा एकदा धीर करून आत गेले आणि नव्या माणसाला म्हणाले, थोडं थांबत जा बाबा सकाळी. तो म्हणाला, "तुम्ही थांबला असतात तर त्या माणसाची बोटं राहिली असती." हे मला बाबांनी नाही, शेजारणीने सांगितलं. त्यानंतर ते कधी आत गेले नाहीत.

काका आमच्याकडे यायचे बंद झाले. बोटं गेलेला माणूस कशाला येईल, मी म्हणायचे. कधी मला त्यांची दया यायची, कधी राग यायचा. इतक्या वर्षांची मैत्री, आणि चुकल्या माणसाला एकदा माफ करवत नाही? बाजारात समोर आले की ते रस्ता ओलांडून जायचे. बाबा त्यांच्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत.

आणि टोपी? त्या दिवसानंतर बाबांनी टोपी घातलीच नाही. आईची धुऊन पेटीत ठेवली. मी नवी विणते म्हटलं तर म्हणायचे, नको, डोकं तापतं. धुक्यात, वाऱ्यात, उघड्या आवारात उघड्या डोक्याने फळ्या रचायचे. डावा कान शेवटी गेलाच. आता डावीकडून हाक मारली तर ते समोर बघत बसतात. मी मात्र दर वर्षी थंडी पडली की नेमाने विषय काढायचे. आली थंडी, कुठाय माझी टोपी, पंधरा संध्याकाळ फुकट, असा वेंधळा माणूस जन्मात पाहिला नाही. आमच्यात ती चेष्टाच होऊन बसली होती. ते खाली मान घालून म्हणायचे, "हरवली गं."

सहाव्या वर्षी कारखाना बंद पडला. मशिनी भंगारात गेल्या. बाबा बघायला गेले होते. घरी येऊन फक्त म्हणाले, "उभीला चढवायला आठ माणसं लागली." मग आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठले नाहीत.

त्यालाही तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात काकूंचा, म्हणजे काकांच्या बायकोचा निरोप आला. आम्ही आता मुलाकडे राहायला जातोय, कायमचे. एकदा येऊन जा, एकटीच ये.

बाबा खुर्चीत बसले होते. मी चपला घालत होते तेव्हा ते म्हणाले, "कशाला बोलावलंय?"

"काय माहीत. पडदे द्यायचे असतील."

मी पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत गेले तेव्हा सगळीकडे खोकी बांधलेली होती. एका भिंतीवर कपाटाचा फिकट चौकोन राहिला होता. काकू चहा करायला आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. काका फारच वाळले होते. उजवा हात मांडीवर उलटा ठेवून बसले होते. डाव्या हाताने त्यांनी पिशवीतून काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"ही तुझी," ते म्हणाले.

माझी टोपी होती ती. धुतलेली, पण अर्ध्याहून जास्त भाग काळपट तपकिरी. एका बाजूचा बंद शिवणीपासून उसवून निघाला होता. दुसऱ्या बाजूला तो लोंबत होता, कारण माझी गाठ तशीच्या तशी होती.

"ही हरवली होती," मी म्हणाले.

"हरवली नव्हती. माझ्या हाताला बांधली होती. गाठ सुटेना तेव्हा हिसडा मारून डोक्यावरून ओढली तुझ्या बापाने."

मग त्यांनी मला खुणेचं सांगितलं. हँडलवरची टोपी, डोक्यावरची टोपी, सोळा हिवाळे, सगळं. मी ऐकत होते आणि पुढे काय येणार ते मला समजलं होतं.

"रोज फाटकाशी काढून खिशात टाकायचा," काका म्हणाले. "त्या दिवशी गाठ सुटेना. बोटं बधिर झालेली. आत जाऊन पांघरुणं काढली, करवतीच्या चाकांची झाकणं उघडली, आणि विळी-कात्री काही मिळते का ते बघायला कोपऱ्यात गेला. मी लवकर आलो होतो. झाकणं उघडी आहेत याच्याकडेसुद्धा माझं ध्यान गेलं नाही. कोपऱ्यात त्याचं डोकं दिसलं, डोक्यावर टोपी दिसली, आणि मी बटण दाबलं."

"आणि हँडलवर?"

"हँडलवर जुनी होतीच. आदल्या संध्याकाळी लावलेली." "मला दिसली नाही. बघायचं तर करवतीला वळसा घालून दोन पावलं जावं लागतं. दोन पावलं, पोरी. मी कधीच जायचो नाही."

"मालकांना का नाही सांगितलंत?"

"बाकीचे धावत येईपर्यंत तुझ्या बापाने हँडलवरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली होती. माझ्या हाताला गुंडाळलंय ते फडकं आहे का टोपी, हे रक्तात कोण ओळखणार? मालकांनी विचारलं, टोपी डोक्यावर होती? तो म्हणाला, होती. मशीन तयार होतं? नव्हतं. मग? विसरलो म्हणाला. हॉस्पिटलमध्ये माझ्या उशाशी बसून म्हणाला, पोरीला कळता कामा नये. दोन टोप्या होत्या हे कुणालाच सांगायचं नाही, म्हणजे फिरून फिरून तिच्या कानावर जाणार नाही. माझी बोटं गेली होती आणि हा मला टोपीचं सांगत होता. असा संताप आला मला! पण हो म्हणालो."

"सगळे त्यांना म्हातारचळ लागला म्हणत होते."

"ठाऊक आहे."

"तुम्ही ऐकून घेतलंत."

"घेतलं," काका म्हणाले. "मी खरं बोललो असतो तर मालकांनी पहिलं विचारलं असतं, तू हँडल बघितलंस का? त्याने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. म्हणून तुमच्या घरी पाय टाकला नाही. तू दार उघडलं असतंस, काका म्हणाली असतीस, आणि मी तुझ्या तोंडाकडे कसं बघितलं असतं?"

मला त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. एरवी मी शब्दाला कधी अडलेली नाही. पण त्यांचा तो उलटा ठेवलेला हात बघितला, आणि त्या हाताला कारण मीच, हेही आता मला माहीत होतं.

"आताच का सांगताय?" मी विचारलं.

"उद्या आम्ही जातो. मग हे माहीत असलेला इथे तो एकटाच उरेल. मला ते बघवेना."

मी टोपी माझ्याच पिशवीतल्या पडद्याच्या कापडात गुंडाळून तळाशी घातली आणि निघाले. रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू दे. ती गाठ मी मारली होती. पाचव्या दुकानापर्यंत जाऊन तोच रंग मी शोधला होता, डावीकडे झुकणारी तीच ढब मी साधली होती, आणि इतकी मन लावून केली नसती तर काकांना लांबूनही फरक कळला असता. वर नऊ वर्षं त्यांना वेंधळा म्हणून घेतलं होतं. वाटलं, धावत जावं, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवावं, म्हणावं, बाबा, मला कळलं, तुम्ही काही विसरला नव्हता.

पण बसल्या बसल्या दुसरंही मनात येऊ लागलं. त्यांच्या मशिनी गेल्या, मान गेला, मित्र गेला, कान गेला. एवढं सगळं देऊन त्यांनी एकच गोष्ट राखली होती, की मला हे कळू नये. ती एकच गोष्ट त्यांची धड उरली होती. मी मोकळी व्हावी म्हणून तीसुद्धा काढून घ्यायची? रडून माझं मन हलकं झालं असतं. त्यांच्या मनाचं काय झालं असतं?

घरी पोचले तेव्हा उजेड होता अजून. दार नेहमीसारखं खाली घासत उघडलं. बाबा खुर्चीच्या काठावर बसले होते. मी आत येताच त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. एवढे घाबरलेले बाबा मी आई गेली त्या दिवशीसुद्धा पाहिले नव्हते.

"काय म्हणत होता?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी शिवणयंत्राखाली सरकवली. त्यांच्याकडे पाठ करून पदराने तोंड पुसलं, खसाखसा.

"काय म्हणणार? खोकी बांधतायत. काकूंनी पडद्याचं कापड दिलंय," मी म्हणाले. "आणि त्या खोक्यांत लोकरीचा एक गुंडा पडलेला बघितला, विटकरी. बघितल्यावर माझं डोकंच फिरलं. पंधरा संध्याकाळ, बाबा! चार दुकानं पालथी घातली होती मी. आणि तुम्ही खुशाल हरवून आलात. असा वेंधळा माणूस मी जन्मात पाहिला नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचे खांदे खाली आले आणि ते खुर्चीत मागे रेलून बसले.

"हरवली गं," बाबा म्हणाले. "किती वेळा सांगू?"

"मी विचारेन तितक्या वेळा," मी म्हणाले आणि ताटं घ्यायला आत गेले.